गणित सुटलं, दुखणं नाही

परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात कळ येते. आपण ओवा खातो, एखादी गोळी गिळतो आणि परत पुस्तकात डोकं घालतो. ताप येतो-जातो, वजन उतरतं, आई फोनवर विचारते तेव्हा आपण काही नाही गं म्हणून विषय बदलतो. आपल्या भाषेत याला फार चपखल शब्द आहे : अंगावर काढणं. हॉस्टेलवर राहणाऱ्या, पहिल्या नोकरीसाठी शहरात आलेल्या जवळपास प्रत्येकानं हे केलेलं असतं.

एका माणसानं ते शंभर वर्षांपूर्वी केलं होतं. तो गणितातला आजवरचा एक सर्वांत मोठा प्रतिभावंत होता आणि वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेला. दरवर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिवस येतो तेव्हा श्रीनिवास रामानुजन यांच्या सूत्रांबद्दल, वह्यांबद्दल, १७२९ या आकड्याबद्दल भरभरून लिहिलं जातं. त्यांच्या आजारपणाबद्दल मात्र एका ओळीत उरकतात : इंग्लंडची हवा मानवली नाही आणि क्षयानं ते गेले. पण तो खरंच क्षय होता का? इथून ही गोष्ट वेगळी होते.

कुंभकोणमचा मुलगा

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, तमिळनाडूतल्या इरोडचा. वाढले मात्र कुंभकोणमला. वडील साड्यांच्या दुकानात कारकून, आई कोमलताम्मल देवळात भजनं म्हणायची. घर कर्मठ अय्यंगारांचं, पैसा बेताचा. दोन वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या. त्या काळी देवीतून उठणारं मूल म्हणजे दुसरा जन्मच. तेव्हा ते बचावले.

शाळेत हुशार म्हणून बक्षिसं मिळवणाऱ्या या मुलाच्या हातात पंधराव्या-सोळाव्या वर्षी कार नावाच्या एका इंग्रज शिक्षकाचं जाडजूड पुस्तक पडलं. हजारो सूत्रं, सिद्धता जवळजवळ नाहीतच. मुलानं त्या स्वतः शोधायला घेतल्या आणि गणिताशिवाय दुसरं काही त्याला दिसेनासं झालं. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली आणि इतर विषयांत नापास झाल्यामुळे गेलीही.

१९०६ मध्ये ते मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांना आमांश झाला. जोराचा. तीन महिने घरी कुंभकोणमला पडून राहावं लागलं. बरे झाले, परत परीक्षेला बसले, परत नापास. त्या आमांशाची आठवण कुणाला राहिली नसणार. आपल्याकडे पोट बिघडणं हा काही लक्षात ठेवायचा आजार नव्हे. पण वाचकहो, तुम्ही मात्र तो लक्षात ठेवा. पुढे तोच लागणार आहे.

१९०९ मध्ये दहा वर्षांच्या जानकीशी त्यांचं लग्न झालं. त्याच सुमारास त्यांना हायड्रोसीलचा त्रास सुरू झाला. साधी शस्त्रक्रिया, पण घरात तेवढेही पैसे नव्हते. अखेर जानेवारी १९१० मध्ये एका डॉक्टरनं पैसे न घेता ती केली. हीदेखील गोष्ट लक्षात ठेवा.

पुढे नोकरीच्या शोधात मद्रासमध्ये वणवण चालली असताना ते पुन्हा आजारी पडले आणि एका मित्राच्या दारी गेले. मित्रानं डॉक्टरला दाखवलं आणि त्यांना गावच्या गाडीत बसवून दिलं. निघताना रामानुजननी आपल्या गणिताच्या दोन वह्या मित्राच्या हवाली केल्या. आपलं काही बरंवाईट झालं तर त्या अमुक प्राध्यापकांना द्या, अशी सूचनाही केली. जिवाची चिंता कमी, वह्यांची जास्त! हे ऐकायला थोर वाटतं खरं. पण यातच पुढच्या शोकांतिकेचं बी आहे.

तीस रुपयांचा कारकून ट्रिनिटीत

१९१२ च्या मार्चमध्ये त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र धाडलं, सोबत पानंच्या पानं सूत्रं. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ती रात्री बसून तपासली आणि हा माणूस अस्सल आहे, हे त्यांनी ओळखलं. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन बोटीत बसले. समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडवायचा, अशा समजुतीच्या घरातून बाहेर पडणं सोपं नव्हतं. शाकाहार सोडणार नाही, या बोलीवरच ते निघाले होते.

एप्रिलमध्ये पोहोचले आणि चार महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आता एकटं राहणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं चित्र बघा. कॉलेजच्या मेसमधलं अन्न चालत नाही, म्हणून खोलीत स्वतः शिजवायचं. तांदूळ, चिंच, मसाले घरून येणार, तेही युद्धामुळे कधी येणार आणि कधी नाही. भाज्या, फळं मिळेनाशी झालेली. गणितात डोकं घातलं की जेवायची शुद्ध नाही. सलग तीसेक तास काम करायचं आणि मग वीस तास झोपायचं. ना जेवणाला वेळ, ना झोपेला.

थंडीचा एक किस्सा तर चटका लावतो. पुढे भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होते. त्यांना कळलं, की रामानुजन रात्रभर कुडकुडतात, ओव्हरकोट घालून झोपतात. खोलीत जाऊन पाहिलं तर पलंगावर ब्लँकेटं व्यवस्थित होती, पण गादीखाली खोचलेली. त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं, हे रामानुजनना ठाऊकच नव्हतं! ते ब्लँकेटांच्या वर झोपत होते. महालनोबिसनी पांघरुणाची रीत दाखवून दिली. अनंत मालिकांची बेरीज करणारा माणूस रात्रीमागून रात्री थंडीनं काकडला, पण शेजारच्याला विचारलं नाही. संकोच. परक्या गावात आपल्यालाही तोच नडतो.

तरीही काम अफाट झालं. एक उदाहरण घ्या. ४ हा आकडा धन पूर्णांकांच्या बेरजेनं किती प्रकारे लिहिता येतो? ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१, म्हणजे पाच. सोपं वाटलं? मग १०० चं सांगा. उत्तर आहे १९,०५,६९,२९२. असे आकडे मोजत न बसता काढण्याचं सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी मिळून शोधलं. गणिताच्या इतिहासात हे काम मानाच्या जागी आहे.

डॉक्टर अनेक, निदानं अनेक

१९१७ च्या वसंतात शरीरानं हिशेब मागितला. ताप यायचा, जायचा. रात्री चढायचा. पोटात दुखायचं. वजन झरझर उतरू लागलं. केंब्रिजच्या एका शुश्रूषागृहात त्यांना दाखल केलं. त्यानंतर सुरू झाली ती सॅनेटोरियमची आणि नर्सिंग होमची वारी : मेंडिप टेकड्या, मग डर्बीशायरमधलं मॅटलॉक, मग लंडन, मग पटनी.

सुरुवातीला निदान झालं जठराच्या अल्सरचं. मग क्षयाचं. एका नामांकित तज्ज्ञानं वेगळंच सांगितलं. रामानुजनवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया म्हणजे कर्करोगाची गाठ काढली असणार आणि आता तो रोग यकृतात पसरला आहे, असं त्यांचं मत पडलं. आठवली ना ती १९१० ची शस्त्रक्रिया? ती साध्या हायड्रोसीलची होती. पण हजारो मैलांवर झालेल्या शस्त्रक्रियेचा कागद कुठे होता? जुन्या आजाराची धड नोंद नसली, की साध्या गोष्टीचा कर्करोग होतो तो असा. हे निदान चुकीचं होतं, हे काळानंच दाखवलं. यकृतात पसरलेला कर्करोग घेऊन माणूस त्या काळी काही महिनेच काढू शकला असता. रामानुजन त्यानंतर अडीच वर्षांच्या आसपास जगले.

मग उपचार राहिले क्षयाचे. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. उघडी हवा, भरपूर आहार आणि विश्रांती, एवढाच इलाज. म्हणजे इंग्लंडच्या थंडीत खिडक्या उघड्या टाकून झोपायचं. दाक्षिणात्य माणसाला ही शिक्षाच. एका सॅनेटोरियममधून त्यांनी हार्डींना कळवलं, की इथलं न्हाणीघर तेवढं उबदार आहे, तेव्हा रोज तासभर कागद-पेन घेऊन तिथेच बसेन आणि गणित करून पाठवेन.

रामानुजन काही सोपे रुग्ण नव्हते, हेही सांगायला हवं. पथ्य पाळायचं नाही, डॉक्टरांचं ऐकायचं नाही, दिलेलं जेवण खायचं नाही, असं चाले. त्यातच गावाकडची पत्रं थांबलेली. सासू-सुनेचं पटत नव्हतं आणि जानकीची पत्रं त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. एकटेपणा, आजार, परका देश. १९१८ च्या सुरुवातीला मन इतकं खचलं, की त्यांनी लंडनमध्ये स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. सुदैवानं ते वाचले. हार्डींनी पोलिसांकडे रदबदली करून प्रकरण मिटवलं. शरीराचं दुखणं मनापर्यंत पोहोचतं ते असं. तुमच्यावर किंवा तुमच्या मित्रावर अशी वेळ आली तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक कधीही लावता येतो. आज ही सोय आहे, तेव्हा नव्हती.

त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो म्हणून निवडलं. वय फक्त ३०. हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. पहिले होते आपल्या मुंबईचे अभियंता अर्देशीर कर्सेटजी, तेही १८४१ मध्ये. ऑक्टोबरात ट्रिनिटीनंही फेलोशिप दिली. आणि ती प्रसिद्ध टॅक्सी? तीसुद्धा आजारपणातलीच. पटनीच्या नर्सिंग होममध्ये हार्डी भेटायला आले आणि आपल्या टॅक्सीचा १७२९ हा नंबर अगदीच नीरस होता म्हणाले. अंथरुणावरच्या रामानुजननी लगेच सांगितलं, की छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ आणि १२ यांचे घन किंवा ९ आणि १० यांचे घन, मिळवून बघा. आपण हा किस्सा हसत सांगतो आणि तो सांगणारा माणूस किती महिने खाटेवर होता, हे विसरून जातो.

मुंबईच्या धक्क्यावर

युद्ध संपलं. थोडं वजन वाढलं, तब्येत जरा सावरली आणि रामानुजन परत निघाले. २७ मार्च १९१९ रोजी बोट मुंबईला लागली. धक्क्यावर आई आणि भाऊ होते. जानकी दिसली नाही, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तिचीच चौकशी केली. मुंबईहून रेल्वेनं ते मद्रासला गेले.

मद्रासमध्येही क्षयाचे तज्ज्ञच त्यांच्यावर उपचार करत होते. हवापालट म्हणून कावेरीकाठच्या कोडुमुडीला नेलं, मग कुंभकोणमला, मग परत मद्रासला. वीस-एकवीस वर्षांची जानकी रात्रंदिवस उशाशी. दुखायला लागलं की गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकायची, वेळेवर भात, ताक, लिंबाचं पाणी द्यायची. ते मात्र पडल्या पडल्या कागद मागायचे. जानेवारी १९२० मध्ये हार्डींना त्यांनी शेवटचं पत्र लिहिलं, त्यात मॉक थीटा फंक्शन्स नावाची अगदी नवी कल्पना होती. आज कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो. २६ एप्रिल १९२० रोजी ते गेले. समुद्र ओलांडल्याचा विटाळ धरून काही नातलग अंत्यविधीलाही फिरकले नाहीत.

तेव्हाची ती शेवटची पानं १९७६ मध्ये ट्रिनिटीच्या ग्रंथालयात अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली. गणितज्ञ अजून त्यावर काम करताहेत.

७४ वर्षांनी आलेलं दुसरं मत

१९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या ब्रिटिश अभ्यासकानं रामानुजन यांच्या आजारपणाचे उपलब्ध तपशील नव्यानं तपासले आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा, की लक्षणं क्षयाशी नीट जुळत नाहीत. सर्वांत जास्त शक्यता आहे ती यकृताच्या अमीबाजन्य आजाराची.

हा आजार होतो कसा? दूषित पाण्यातून किंवा अन्नातून अमीबा आतड्यात जातो आणि आमांश होतो. आमांश थांबतो, रुग्ण बरा झाला असं सगळ्यांना वाटतं. पण अमीबा आत राहू शकतो आणि पुढे कधीतरी, अगदी काही वर्षांनीही, यकृतात शिरून तिथे पू करू शकतो. मग ताप येतो-जातो, पोटात उजवीकडे दुखतं, वजन घटतं. आता १९०६ चा तो आमांश आठवा.

गंमत, खरं तर दुर्दैव, पुढेच आहे. यावर तेव्हा औषध होतं! कलकत्त्यात काम करणाऱ्या लिओनार्ड रॉजर्स या डॉक्टरनं १९१२ मध्ये एमेटीनच्या इंजेक्शनांनी अमीबाच्या आजारावर गुण येतो, हे दाखवून दिलं होतं. म्हणजे रामानुजन बोटीत बसण्याच्या दोन वर्षं आधी. लंडनमध्ये उष्ण कटिबंधातल्या रोगांसाठी खास वैद्यकीय विद्यालय १८९९ पासून सुरू होतं. रोगाचं ज्ञान होतं, औषध होतं, जाणकार त्याच शहरात होते. रुग्णाच्या जुन्या आजाराचा धागा तेवढा या सगळ्याला जोडला गेला नाही.

यंग यांचं मत हा काही अंतिम निकाल नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाची सोनोग्राफी करता येत नाही. शिवाय यकृतातला हा आजार ओळखणं तेव्हाच्या डॉक्टरांनाही अवघडच होतं, त्यामुळे त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. पण शक्यता मोठी आहे आणि ती मनाला बोचते. ज्या जानकीनं शेक दिले, ती शिवणकाम करून स्वाभिमानानं जगली आणि ९५ वर्षांची होऊन वारली. साल होतं १९९४. यंग यांचा लेख आला तेच.

मग आपण काय करायचं?

रामानुजनना बरेच डॉक्टर मिळाले. पण नुसते डॉक्टर बदलणं म्हणजे सेकंड ओपिनियन नव्हे. क्षयाच्या एका तज्ज्ञाकडून क्षयाच्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेलं, तर बहुधा क्षयच सापडणार. दुसरं मत उपयोगी पडतं ते वेगळ्या नजरेतून आणि संपूर्ण माहिती समोर ठेवून घेतलं तर.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक फाइल करा. लहानपणापासूनचे मोठे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, सगळे रिपोर्ट. आईला विचारा, तिला सगळं आठवतं. फोनमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालतील. डॉक्टरांसमोर बसलं की जुनं काहीही क्षुल्लक समजून गाळू नका. तीन वर्षांपूर्वीची कावीळ किंवा गावच्या जत्रेनंतर झालेला आमांशसुद्धा सांगा.

दुसरं, ताप पुन्हा पुन्हा येत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, दिलेल्या औषधानं अपेक्षित वेळेत फरक पडत नसेल, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचार सांगितला असेल, तर आणखी एका डॉक्टरांचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. त्यांना मोकळेपणानं सांगा, रिपोर्ट मागा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, उलट कुणाकडे जावं हे सुचवतात. खासगीत परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, तिथे एकाच छताखाली निरनिराळे विभाग असतात. मात्र मनासारखं उत्तर मिळेपर्यंत दारं बदलत बसणं, मधेच औषधं सोडणं किंवा तातडीच्या वेळी दुसऱ्या मताची वाट पाहत थांबणं, हेही धोक्याचंच. क्षयाचं निदान झालं असेल तर आज तो औषधांनी बरा होतो, कोर्स अर्धवट टाकू नका.

आणि तिसरं, सगळ्यात साधं. वेळेवर जेवा, झोपा, थंडी वाजली तर कुणाला तरी विचारा. अभ्यास, करिअर, स्टार्टअप, जे काही तुमचं गणित असेल ते सुटायला तुम्ही जागेवर असायला हवं. त्या शेवटच्या पत्रानंतर रामानुजन आणखी तीस वर्षं जगते तर काय काय लिहिलं असतं, याचं उत्तर कुठल्याही वहीत सापडणार नाही. तुमच्या पोटात महिनाभर ती जी कळ येतेय ना, ती उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवून या. आणि जाताना फाइल घेऊन जा.